कलकत्त्यातला मराठी विभाग: फोर्ट विल्यम कॉलेज, वैजनाथ पंडित आणि मोडीचे ठसे

जुनीपाने (धागाकर्ता)

कंपनी सरकारने पगारी पंडित नेमून साहेबांना मराठी शिकवायचा थाट मांडला तो कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात, पेशवाई बुडायच्या आधी चांगली तेरा-चौदा वर्षं. आपल्याकडे या विभागाची आठवण 'केरीने मराठी व्याकरण लिहिलं' एवढ्या एका ओळीत उरकतात. विभाग चालायचा कसा, पैसा कुठून यायचा, पुस्तकं कुणी लिहिली आणि ती महाराष्ट्रात का रुजली नाहीत, यावर माहिती जमवू या. सुरुवात मी करतो.

गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने कॉलेजचा कायदा १० जुलै १८०० ला केला, पण त्यावर तारीख घातली ४ मे १८००. श्रीरंगपट्टण पडल्याला त्या दिवशी वर्ष झालं होतं. विलायतेहून सोळा-अठरा वर्षांची पोरं 'रायटर' म्हणून यायची, त्यांना मुलकी कारभारासाठी तयार करायचं हा हेतू. त्याआधीची सोय म्हणजे मुनशी ठेवायला महिना ३० रुपये भत्ता. तो घेऊन कोण किती शिकायचं ते उघड आहे.

नव्या योजनेत तीन वर्षांचा अभ्यास. वर्षाला चार सत्रं, प्रत्येक सत्र दोन महिन्यांचं, मध्ये महिन्याची सुट्टी. दुसऱ्या आणि चौथ्या सत्राच्या शेवटी परीक्षा. विद्यार्थ्याला महिना ३०० रुपये. वर्षातून एकदा जाहीर वादसभा भरे: एकाने प्रमेय मांडायचं, बाकीच्यांनी त्याच भाषेत खोडायचं, प्राध्यापक मध्यस्थ. पहिली सभा ६ फेब्रुवारी १८०२ ची.

शिक्षकवर्गाची उतरंड मात्र जबर होती. हिंदुस्तानीचे गिलख्रिस्ट यांना महिना १५०० रुपये. विल्यम केरी १८०१ मध्ये बंगाली-संस्कृतचे नुसते 'शिक्षक' म्हणून लागले ते ५०० वर, कारण ते पडले डिसेंटर (चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्या) पंथाचे मिशनरी आणि प्राध्यापकाला चर्च ऑफ इंग्लंडशी निष्ठा सांगावी लागे. १८०४ च्या सुमारास मराठीही त्यांच्याकडे आली. प्राध्यापकपद आणि १००० रुपये १८०७ मध्ये. त्यांच्या हाताखालच्या बंगाली विभागात मुख्य पंडिताला २००, दुसऱ्याला १०० आणि बाकीच्यांना ४०-४०. पुस्तकं प्रत्यक्ष लिहिली ती या २०० ते ४० वाल्यांनी.

मराठीचे मुख्य पंडित वैजनाथ, मूळचे नागपूरकडचे. विभागाची मुख्य पुस्तकं अशी: व्याकरण १८०५, कोश १८१०, सिंहासनबत्तिशी १८१४, हितोपदेश १८१५, राजा प्रतापादित्याचं चरित्र १८१६ आणि रघुजी भोसल्यांची वंशावळी. छपाई श्रीरामपूरला, केरींच्या मिशनच्या छापखान्यात. (आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, हुगळीकाठचं.)

---

पारंब्या

वा, वाचनखूण साठवली. पण एक कळलं नाही. १८०४ साली कंपनीच्या बंगालमधल्या नोकरांना मराठी कशाला हवी होती?

---

वऱ्हाडीठेचा

@पारंब्या, नकाशा समोर ठेवा म्हणजे कळेल. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. पुढच्याच वर्षी शिंदे-भोसल्यांशी लढाई, डिसेंबर १८०३ मध्ये भोसल्यांशी देवगावचा तह. कटक भोसल्यांकडून कंपनीकडे गेलं. म्हणजे बंगालच्या हद्दीला लागून कालपर्यंत जो मराठी अंमल होता तिथले कागद आता कंपनीला वाचायचे होते. १८०४ पासून नागपूर दरबारात एल्फिन्स्टन रेसिडेंट. त्या दरबाराशी पत्रव्यवहार, वकिलांशी बोलणी, बातम्यांची पत्रं. पुणं मुंबईच्या वाटेवर असेल, नागपूर कलकत्त्याच्या वाटेवर होतं.

मुख्य पंडित नागपूरकडचाच का, याचंही उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे. कलकत्त्याहून माणूस शोधायला निघालं की पहिला मराठी मुलूख भोसल्यांचा लागतो.

---

जुनीपाने

बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). त्यात एक प्रशासकीय घोळ मिळवा. वेलस्लीच्या मूळ बेतात मुंबई आणि मद्रासचे रायटरही कलकत्त्यालाच शिकणार होते. लंडनच्या डायरेक्टरांनी खर्चाचा आकडा पाहून जानेवारी १८०२ मध्ये कॉलेज बंद करायचा हुकूम काढला. वेलस्लीने तो दाबून धरला, पत्रापत्री झाली, आणि शेवटी कॉलेज उरलं ते फक्त बंगाल इलाख्यापुरतं. मुंबईची पोरं परत मुंबईला. म्हणजे ज्यांना उभी हयात मराठी मुलखात काढायची होती तेच विद्यार्थी गेले आणि मराठी विभाग मात्र कलकत्त्यात राहिला. १८०६ मध्ये विलायतेत हर्टफर्डला कंपनीचं स्वतंत्र कॉलेज निघालं, तेच पुढे हेलीबरीचं. त्यानंतर फोर्ट विल्यमकडे फक्त देशी भाषांचं काम राहिलं.

उरलेल्या बंगालवाल्यांचा ओढा फारसी आणि हिंदुस्तानीकडे. कोर्टाची भाषा १८३७ पर्यंत फारसी होती, बढतीचा रस्ता तिकडून जायचा. मराठीच्या वर्गात गर्दी का नव्हती याचं कारण मराठीच्या अवघडपणात शोधायला नको.

---

इतिहासप्रेमी_७२

केरी नसते तर मराठी छपाई आणखी ५० वर्षं लांबली असती. पहिलं मराठी व्याकरण त्यांचं, पहिली मराठी छपाई त्यांची. मान्य करायला जड जातं एवढंच.

---

मांडवीकाठ

@इतिहासप्रेमी_७२, दोन्ही विधानं चुकीची आहेत.

फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. त्यांचं कोकणीचं पोर्तुगीज व्याकरण १६४० चं, तेही राचोलचं. मराठीचं म्हणाल तर रोमला १७७८ मध्ये पोर्तुगीज भाषेत 'ग्रामातिका मारास्ता' छापलं. केरींच्या व्याकरणाच्या २७ वर्षं आधी. आणि केरींचं व्याकरण निघालं त्याच १८०५ मध्ये मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली. पत्र्यावरची छपाई वेगळी आणि सुट्या ठशांची वेगळी हे खरं, पण 'छापणं' इकडे कुणाला ठाऊकच नव्हतं असं नाही.

श्रीरामपूरचं श्रेय दुसरीकडे आहे: मराठी गद्याची पुस्तकं, सुट्या ठशांत, एकामागून एक, सरकारच्या हमीवर. कॉलेज अनेक पुस्तकांच्या शंभर-शंभर प्रती आधीच बोलून ठेवायचं. पुस्तक छापून बुडालो असं होत नसे.

---

खिळाजुळारी

ठशांवर थोडं सविस्तर लिहितो, कारण या विभागाची निम्मी गोष्ट तिथे आहे.

श्रीरामपूरचा ठसेकार पंचानन कर्मकार. १७७८ साली हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सबरोबर याने बंगाली ठसे केले होते. १८०० नंतर तो मिशनच्या छापखान्यात आला आणि संस्कृतसाठी नागरीचा संच पाडायला बसला. सातशेच्या आसपास वेगवेगळे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) लागले. इंग्रजीचं काम शंभर-सव्वाशे खिळ्यांत भागतं, नागरीत जोडाक्षरं आणि मात्रा-वेलांट्यांसकट घडलेली अक्षरं वेगळी पाडावी लागतात, म्हणून हा आकडा फुगतो. पंचानन काही वर्षांतच वारला, पुढे त्याचा जावई मनोहर याने काम चालवलं.

क्रम असा: पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, पोलादाला पाणी द्यायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा मिश्र रस ओतून खिळे पाडायचे. खिळे झिजतात, वितळवून परत पाडता येतात. पोलादी ठसा शाबूत असला की सगळं परत उभं राहतं. याचा प्रत्यय ११ मार्च १८१२ ला आला. छापखान्याला आग लागली, कागद, हस्तलिखितं, खिळ्यांचे संच, सगळं गेलं, पण राखेतून पोलादी ठसे धड निघाले. वितळलेल्या शिशातूनच नवे खिळे पाडून काही महिन्यांत यंत्रं परत चालू झाली. कोश १८१० मध्येच बाहेर पडला होता म्हणून वाचला. केरींच्या बहुभाषी कोशाचं हस्तलिखित जळालं ते कायमचं.

आता मोडी. व्याकरण १८०५ मध्ये नागरीत निघालं, कारण नागरीचे खिळे हाताशी होते. पण साहेबाच्या टेबलावर येणारी चिठी, हिशेब, वकिलाचं पत्र, सगळं मोडीत. नुसती बाळबोध (नागरी) शिकलेला रायटर दरबारचं पत्र हातात आलं की अडाणीच. म्हणून मोडीचे ठसे पाडले, आणि कोश व सिंहासनबत्तिशी त्यात छापली.

खिळ्याला मोडी सोसत नाही हे इथे आडवं आलं. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघा ओढतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता ओळ संपवतो. काना, उकार, रफार अक्षराच्या अंगातच वळतात, आकारच बदलतो. खिळा हा चौकोनी ठोकळा, त्याला शेजाऱ्याच्या अंगात शिरता येत नाही. मग एकतर प्रत्येक वळणाचा वेगळा खिळा पाडा, नाहीतर वळणं तोडा. तोडली की अक्षर सुटं होतं, वाचायला उलट सोपं, पण खऱ्या पत्रातली मोडी तशी दिसत नाही. म्हणजे शिकणारा पुस्तकातली मोडी शिकून परत पत्रापाशी अडकणार. पुढे मुंबईत शिळाप्रेस आल्यावर मोडीची पुस्तकं दगडावरच छापू लागले ते याचसाठी. तिथे लेखकाचं वळण जसंच्या तसं उतरतं.

---

पारंब्या

जबरदस्त. पण मग हे ठसे महाराष्ट्रापर्यंत आलेच नाहीत का?

---

खिळाजुळारी

मोडीचे नाही, नागरीचे आले. अमेरिकन मिशनने १८१६-१७ मध्ये मुंबईत छापखाना मांडला तो यंत्र आणि नागरी खिळे कलकत्त्याहून आणून. ते खिळे थोराड होते, कागद फार खायचे. त्याच छापखान्यात पुढे टॉमस ग्रॅहमने लहान आणि देखणे नागरी खिळे घडवले, गणपत कृष्णाजी तिथेच तयार झाले, आणि जावजी दादाजी ग्रॅहमच्या हाताखाली शिकून स्वतःच्या निर्णयसागर छापखान्याकडे वळले. म्हणजे पुस्तकांची वाट तुटली, खिळ्यांची नाही.

---

शब्दवेल्हाळ

पुस्तकांची वाट का तुटली त्यावर माझं मत सांगते. जुनीपाने यांनी दिलेली यादी परत वाचा आणि शेजारी बंगाली विभागाची यादी ठेवा.

हितोपदेश: बंगालीत गोलोकनाथ शर्मांचा १८०२ मध्ये, मृत्युंजय विद्यालंकारांचा १८०८ मध्ये. सिंहासनबत्तिशी: मृत्युंजयांची बंगाली १८०२, हिंदुस्तानीतही काझिम अली जवान आणि लल्लू लाल यांची. राजा प्रतापादित्य: रामराम बसूंचं बंगाली पुस्तक १८०१ चं, वैजनाथांनी ते मराठीत आणलं. प्रतापादित्य हा जेसोरचा जमीनदार राजा, मोगलांशी भांडलेला. पुण्या-साताऱ्याच्या वाचकाला त्याचं काय? आपल्याकडे बखरींचा ढीग पडलेला असताना मराठीतलं पहिल्या फळीचं छापील चरित्र निघालं ते बंगालच्या राजाचं!

यात वेडेपणा कुणाचाच नाही. कॉलेजची रीतच ती होती: एक गोष्ट परीक्षेला लागली की तीच प्रत्येक भाषेत करून घ्यायची. शिकवणारा प्राध्यापक एकच, बंगाली-मराठीचा. विद्यार्थ्याला बंगालीत गोष्ट आधीच माहीत, मराठीत फक्त शब्द आणि प्रत्यय नवे. परभाषा शिकवायला ही चांगली युक्ती आहे, आजही वापरतात. पण अशा पुस्तकाचा वाचक ठरलेला असतो: एक साहेब आणि त्याचा पंडित. तो वर्ग सुटला की पुस्तकाला घर नाही.

अपवाद एकच, रघुजी भोसल्यांची वंशावळी. ती मात्र मराठी मातीतली आहे आणि तीही पंडितांच्या नागपूरची. १८१६ च्या मार्चमध्ये दुसरे रघुजी वारले आणि दोन महिन्यांत आप्पासाहेबांशी तैनाती फौजेचा करार झाला. त्या सुमारास भोसल्यांचं घराणं कोण, कुणाचा कोण लागतो, हे कलकत्त्यात कुणाला जाणून घ्यायचं होतं ते सांगायला नको.

---

वऱ्हाडीठेचा

वंशावळीचा मुद्दा पटला. यादी शेजारी शेजारी ठेवून पाहायचं सुचलंच नव्हतं.

भाषेचं जोडतो. केरींच्या मिशनने मराठी बायबलही काढलं: मत्तय १८०५ मध्ये, नवा करार १८११ मध्ये. हे काम त्याच पंडितमंडळींच्या मदतीने. मुंबईकडे आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना त्यातली मराठी इकडच्या लोकांना समजेना असं दिसलं आणि त्यांनी नवा करार पहिल्यापासून भाषांतरित करून १८२६ मध्ये छापला. 'नागपुरी मराठी' म्हणून हिणवायची सवय तिथपासून आहे. माझं म्हणणं असं की दोष बोलीचा कमी, साखळीचा जास्त. संस्कृत किंवा बंगाली साच्यातलं वाक्य, ते मराठीत आणणारा पंडित, आणि तपासणारा कधीही मराठी मुलखात न राहिलेला प्राध्यापक. नागपूरच्या बाजारातही ती मराठी कुणी बोलत नसणार.

---

इतिहासप्रेमी_७२

@मांडवीकाठ, १७७८ चं माहीत नव्हतं, दुरुस्ती मान्य. ही पुस्तकं आज पाहायची तर कुठे आणि कशी शोधायची? कॅटलॉगमध्ये 'मराठी' टाकून काहीच सापडत नाही.

---

जुनीपाने

सापडणार नाही. ही अडचण जवळजवळ सगळ्यांना येते, म्हणून पायरीपायरीने लिहितो.

आधी भाषेचं नाव. त्या काळच्या इंग्रजीत ते 'माहरट्टा' असं लिहीत: एम, ए, एच, आर, ए, दोन टी, ए. आजच्या स्पेलिंगने शोधलं तर फक्त नंतरच्या सूचिकारांनी भाषेचा शेरा मारलेल्या नोंदी येतात.

मग नावं. गिलख्रिस्टच्या पद्धतीत ऱ्हस्व 'अ' साठी यू हे अक्षर, उ-ऊसाठी दोन ओ. त्यामुळे संस्कृतचं 'सुंगस्क्रित' होतं, मृत्युंजयचं 'मृत्यूंजुय'. वैजनाथ पंडित हे वैजनाथ, वैद्यनाथ, विद्यानाथ अशा तिन्ही रूपांत येतात आणि प्रत्येकात 'अ' च्या जागी यू असू शकतो. तिन्ही रूपं दोन्ही स्पेलिंगांनी टाकून पाहा. मोडीचं नाव 'मोड' किंवा 'मूड' सारखं, ड साठी आर आणि एच घालून.

लेखकाच्या रकान्यावर भिस्त ठेवू नका. पंडिताचं पुस्तक अनेक ठिकाणी केरींच्या नावावर चढलंय. 'सेरामपूर' आणि १८०४ ते १८२० अशी चौकट घालून शोधलं तर हाती जास्त लागतं. आणि हो, पुस्तकाच्या नावात 'ग्रामर' दिसलं म्हणून लगेच उतरवू नका. याच छापखान्याची पंजाबी, तेलुगू, कन्नड व्याकरणंही त्याच धाटणीच्या मुखपृष्ठाची आहेत.

---

शब्दवेल्हाळ

वाचायचा क्रमही सांगा कुणीतरी, नाहीतर लोक थेट कोशावर उडी मारतात आणि तिसऱ्या पानावर सोडून देतात.

---

खिळाजुळारी

व्याकरणापासून सुरुवात करा. ते नागरीत आहे, आणि मागे रोजच्या व्यवहारातले संवाद जोडलेत. केरींनी बंगालीसाठी १८०१ मध्ये अशीच संवादांची वेगळी चोपडी केली होती. नियमांची पानं चाळली तरी चालतील, संवाद मात्र ओळ न ओळ वाचावेत.

कोशाकडे जायच्या आधी मोडीचं एक पथ्य लक्षात ठेवा: ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. रिवाज असा की वेलांटी दीर्घ आणि उकार ऱ्हस्व, शब्द कुठलाही असो. अनुस्वार तर सर्रास गाळलेला. तेव्हा नागरीच्या वर्णक्रमाने शब्द सापडला नाही तर 'कोशात नाही' असं म्हणण्याआधी इ-ई, उ-ऊ दोन्ही जागा आणि अनुस्वार काढून तिसरी जागा पाहायची. हस्तलिखित मोडी वाचणाऱ्यांनाही सुरुवातीला छापील अक्षरं अनोळखी वाटतात, वर सांगितलेल्या तुटक्या वळणांमुळे. दोन-तीन पानांत डोळा बसतो.

---

मांडवीकाठ

विभागाच्या शेवटाचं राहिलं. १८३०-३१ मध्ये कॉलेजची प्राध्यापकपदं मोडली, केरींची नोकरी तिथे संपली, ते जून १८३४ मध्ये वारले. नंतर कॉलेज म्हणजे नुसती परीक्षा घेणारी कचेरी. तीही जानेवारी १८५४ मध्ये बंद.

मराठीचं काम त्याआधीच मुंबईने उचललं होतं. कॅप्टन मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी कलकत्त्याच्या कोशावर मजले चढवले नाहीत, जगन्नाथशास्त्री क्रमवंत प्रभृती शास्त्र्यांना बसवून शब्द नव्याने गोळा केले. शास्त्र्यांचा मराठी-मराठी कोश १८२९ चा, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी १८३१ चा. त्यात ४०,००० च्या घरात शब्द, १८५७ च्या आवृत्तीत ६०,०००. आणि लिपी नागरी. त्या एका निवडीने छापील कोशातून मोडी कायमची बाहेर गेली.

---

पारंब्या

म्हणजे केरींचा कोश हाच मोडीतला एकमेव मोठा कोश का?

---

खिळाजुळारी

छापील, खिळ्यांत जुळवलेला आणि एवढा मोठा दुसरा माझ्या पाहण्यात नाही. म्हणून तर मोडी शिकवणाऱ्यांनी तो शब्दार्थासाठी नव्हे, अक्षरांच्या नमुन्यासाठी उघडावा. अर्थाला मोल्सवर्थ आहेच. पान मोठं करून ठशांचे नमुने कापून घ्या, का, कु, के अशी बाराखडीची रूपं एका तक्त्यात लावा, आणि शेजारी त्याच शतकातल्या एखाद्या पत्रातलं तेच अक्षर ठेवा. कुठलं वळण ठसेकाराने तोडलं आणि कुठलं जपलं ते तक्ता भरता भरताच दिसतं. मी 'र' पासून सुरू करायला सांगेन, तिथे त्याने सगळ्यात जास्त मार खाल्लाय.